सब्जा-लिंबाचे सरबत : मराठवाड्यातील एका उन्हाळी पेयाचा पूर्वेतिहास

१

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात बोरी हे गाव आहे. गावाचे नाव कोरडवाहू मुलखात तग धरणाऱ्या बोरीच्या झाडाची आठवण करून देणारे आहे. या भागात वैशाखातील पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी माठातले पाणी व मग लिंबाचे सरबत देण्याची चाल मराठवाड्यात सर्वत्र आढळते. त्या सरबतात पुष्कळदा भिजवलेला सब्जा घातलेला असतो.

कृती साधी आहे. चमचाभर सब्जा निवडून वाटीभर साध्या पाण्यात पाव तास भिजत ठेवावयाचा. काळे बी फुगून त्याभोवती करड्या-निळसर रंगाचे पारदर्शक वेष्टन तयार झाले म्हणजे ते तयार झाले असे समजावे. दुसऱ्या भांड्यात माठाच्या पाण्यात साखर व चिमूटभर मीठ विरघळवून त्यात लिंबू पिळावयाचे, आवडीप्रमाणे जिऱ्याची पूड घालावयाची आणि शेवटी फुगलेले बी त्यात सोडावयाचे. बी आधी साध्या पाण्यातच भिजवतात, यालाही कारण आहे. साखर विरघळलेल्या पाण्यात ते सावकाश व कमी फुगते. कोरडे बी पेल्यात टाकून लगेच पिणे तर घशाला अपायकारक ठरू शकते.

या पेयाच्या उगमाविषयी दोन मते सहज ऐकू येतात. एका मताप्रमाणे ते संपूर्णतः आयुर्वेदातील आहे. दुसऱ्या मताप्रमाणे ते निव्वळ मोगलाई आहे. ही दोन्ही मते पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. खेड्यातील स्वयंपाकघराची दप्तरे कोणी ठेवलेली नसतात. म्हणून येथे शब्द, ग्रंथ आणि वनस्पती या तीन साक्षी क्रमाने तपासावयाच्या आहेत.

२

प्रथम शब्दांची साक्ष घेऊ. ‘सरबत’ हा शब्द अरबीतून फार्सीमार्गे मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘पिणे’ या अर्थाचा अरबी धातू आहे. मराठीतील ‘पन्हे’ हा शब्द संस्कृत ‘पानक’ यापासून आलेला असून त्याच्याही मुळाशी ‘पा’ म्हणजे पिणे हाच धातू आहे. अर्थदृष्ट्या दोन्ही शब्द सारखेच. परंतु मराठीने त्यांपैकी एकाला हद्दपार न करता दोघांत कामाची वाटणी केली. कैरी उकडून तिच्या गरापासून केलेले ते पन्हे आणि फळाचा कच्चा रस पाण्यात मिसळून केलेले ते सरबत, असा भेद रूढ झाला. ‘श’च्या जागी आलेला ‘स’ हे त्या शब्दाने मराठी घरात वस्ती केल्याचे चिन्ह मानता येते.

‘सब्जा’ हा शब्द फार्सीतील ‘सब्ज’, म्हणजे हिरवा, यावरून आला. याच बियाला मराठीत ‘तुकमराई’ असेही म्हणतात. हे ‘तुख्म-ए-रैहान’ या नावाचे झिजलेले रूप होय. तुख्म म्हणजे बी आणि रैहान म्हणजे ही सुगंधी वनस्पती. नावातच बियाचा निर्देश आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. या वस्तूची ओळख बागेतील झाड म्हणून होण्यापेक्षा अत्ताराच्या दुकानातील औषधी बी म्हणून अधिक झाली असावी, असे त्यावरून अनुमान निघते.

लिंबाच्या बाबतीत मात्र सावधगिरी बाळगली पाहिजे. फार्सीत ‘लीमू’ असा शब्द आहे, म्हणून मराठी ‘लिंबू’ हा त्यापासूनच आला असे मानण्याचा मोह होतो. पण संस्कृत ‘निंब’ या झाडाचे मराठीत ‘लिंब’ झाले आहे आणि तेथे फार्सीचा काही संबंध नाही. आद्य ‘न’चा ‘ल’ करण्याची प्रवृत्ती मराठीच्या अंगचीच आहे. तेव्हा ‘निंबू’चे ‘लिंबू’ होण्यास परकीय मध्यस्थाची गरज नव्हती. साखरेचा प्रवास तर उलट दिशेचा आहे. संस्कृत ‘शर्करा’ या शब्दाशी निगडित असलेला ‘शकर’ हा शब्द इराणात व पुढे पश्चिमेकडे गेला. एका पेल्यातील चार वस्तूंची नावे अशी दोन्ही दिशांनी चाललेल्या वाटांवरची आहेत.

३

आता ग्रंथांकडे वळू. बाराव्या शतकात आजचा मराठवाडा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. जिंतूर तालुक्यातीलच चारठाणा येथील जुनी मंदिरे त्या व त्यानंतरच्या यादवकाळातील समृद्धीची खूण आहेत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० मध्ये रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अन्नभोगाबरोबर पानीयभोगाचाही स्वतंत्र विचार केला आहे. पिण्याच्या पाण्याची निवड व संस्कार हा राजाच्या उपभोगाचा विषय मानला जात होता, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

याहून निश्चित पुरावा सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात सापडतो. त्यात लिंबाच्या पानकाची कृती आहे. एक भाग लिंबाचा रस, सहा भाग साखरेचे पाणी, आणि त्यात लवंग व मिरे. हे आजचे लिंबाचे सरबतच होय. तेथे त्याचे नाव पानक आहे एवढाच फरक. याचा अर्थ असा की, वस्तू तीच राहून तिचे नाव बदलले. ‘सरबत’ हा शब्द परका असल्याने ते पेयही परके, असा युक्तिवाद करणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

परंतु त्याच ग्रंथात दुसऱ्या पक्षालाही उत्तर आहे. भावमिश्राला सब्जाची वनस्पती माहीत आहे. ती तुळशीच्याच कुळातील असून ‘बर्बरी’ या नावाने तिचे गुणधर्म त्याने दिले आहेत. लिंबाच्या पानकात मात्र तिचे बी घालावे असे तो सांगत नाही. केवळ मौनावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, हे खरे. पण या मौनाला शब्दांच्या साक्षीची जोड आहे. बियाची प्रचलित नावे संस्कृतातून न येता फार्सीतून आली आहेत. म्हणजे वनस्पती जुनी, पण तिचे बी भिजवून पेयात घालण्याची रीत फार्सी-युनानी परंपरेतून रुळली, असे मानणेच अधिक युक्त ठरते.

ही परंपरा मराठवाड्यात कोठून आली, हेही पाहिले पाहिजे. १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाल्यापासून दख्खनमध्ये फार्सी ही दरबारची भाषा होती. उत्तरेस माळव्यात, मांडूच्या सुलतानासाठी १५०० च्या सुमारास तयार झालेल्या ‘निमतनामा’ या पाकग्रंथात सरबतांच्या कृती आहेत. दरबारी अभिरुचीत सरबताला कोणते स्थान होते, ते त्यावरून कळते. परंतु दख्खनमधील सत्ताधारी केवळ बाहेरून आलेले होते, असे म्हणता येत नाही. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचा मूळपुरुष परभणी जिल्ह्यातील पाथरी येथील ब्राह्मण कुळातला होता, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. खुद्द फरिश्त्याने विजापूरच्या आश्रयास असताना ‘दस्तूर-उल्-अतिब्बा’ या नावाचा ग्रंथ लिहिला. त्याचा विषय भारतीय वैद्यक हा आहे आणि भाषा फार्सी आहे. इराणी वंशाचा इतिहासकार आयुर्वेद फार्सीत मांडतो आणि पाथरीच्या कुळातील पुरुष फार्सी दरबाराचा धनी होतो, अशा काळात पानक आणि शरबत एका पेल्यात आले यात आश्चर्य ते काय?

शब्दांच्या सरमिसळीविरुद्ध प्रयत्नही झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुमारे १६७७ मध्ये तयार झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. त्यात भोग्यवर्ग हा एक स्वतंत्र वर्ग आहे. उपभोगाच्या वस्तूंत परभाषेतील शब्द किती शिरले होते, याची कल्पना त्यावरून येते. राजव्यवहारात या कोशाचा उपयोग झाला, पण स्वयंपाकघराने सरबत हे सरबतच ठेवले. पुढे १७२४ पासून १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात राहिला. आधी फार्सी आणि नंतर उर्दू ही तेथील राज्यकारभाराची भाषा होती. त्यामुळे हे शब्द या प्रदेशात अधिक दृढ झाले.

४

दरबाराकडून घराकडे ही रीत कशी आली, याचे उत्तर देण्याघेण्याच्या चालीत आहे. चैत्रातील हळदीकुंकवाला सुवासिनींना कैरीचे पन्हे देतात. मोहरमच्या दिवसांत सबीलवर येणाऱ्याजाणाऱ्याला सरबत पाजतात. पाणपोई घालणे हे दोन्हीकडे पुण्याचे काम. रमजानचा महिना उन्हाळ्यात आला म्हणजे रोजा सोडताना सब्जाच्या सरबताला विशेष मागणी असते. अंगणातील वृंदावनात तुळस असते, आणि दर्ग्यावर वाहिल्या जाणाऱ्या फुलांबरोबर सब्जाच्या हिरव्या डहाळ्या असतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या दोन्ही एकाच प्रजातीसमूहातील भगिनी आहेत.

या पेयाच्या प्रसारामागे एक आर्थिक कारणही दिसते. कागदी लिंबाला मृग, हस्त व आंबे असे तीन बहर येतात. उन्हाळ्यात फळ हवे असेल तर हस्त बहर धरावा लागतो. त्यासाठी पावसाळ्याच्या अखेरीस झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि ऐन पावसात ताण देणे शेतकऱ्याच्या हाती नसते. परिणामी लिंबाची गरज ज्या वैशाखात सर्वाधिक, त्याच वैशाखात लिंबू थोडे आणि महाग. अशा वेळी पाहुण्यासाठी लिंबू कापणे हा खरोखरचा मान होता. एका लिंबाचे पाणी वाढवले तर ते पातळ व बेचव होते. चमचाभर सब्जा मात्र त्याच पाण्याला भरीवपणा देतो. या बियाच्या बाहेरील आवरणात पाणी धरून ठेवणारी बहुशर्करायुक्त द्रव्ये असतात आणि ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतात. कोरडे बी वर्षभर टिकते व थोडेच लागते. बर्फ माहीत नसलेल्या घरात हा गुण मोलाचा होता.

लिंबाच्या या अडचणीवर पुढे परभणीतच संशोधन झाले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या व आज वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या तेथील कृषी विद्यापीठाने कागदी लिंबाचे ‘विक्रम’ व ‘प्रमालिनी’ हे घोसाने फळणारे वाण दिले. त्यांपैकी ‘विक्रम’ला मे-जूनमध्येही काही फळे येतात. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वाणाचे नाव तर ‘साई सरबती’ असेच आहे. अरबी धातूपासून निघालेला शब्द अशा रीतीने एका मराठी फळाचे नाव झाला.

५

हा संयोग केवळ दख्खनपुरता मर्यादित नाही, हे एका तुलनेने स्पष्ट होईल. मेक्सिकोत ‘चिया’ नावाचे बी प्राचीन काळापासून खाण्यापिण्यात आहे. ॲझ्टेक राज्याला मिळणाऱ्या खंडणीत त्याचा समावेश असल्याची नोंद सोळाव्या शतकातील ‘मेंडोझा’ हस्तलिखितात आहे. ही वनस्पतीही सब्जाप्रमाणेच तुळशीच्या कुळातील असून तिचे बीही पाण्यात फुगते. तेथे आज चिया पाण्यात भिजवून त्यात लिंबू पिळून पितात. ते लिंबू मूळ अमेरिकेतील नाही. आशियातील हे फळ स्पॅनिश लोकांनी तिकडे नेले, आणि मेक्सिकोचे लिंबू म्हणून जे ओळखले जाते ते म्हणजे आपले कागदी लिंबूच होय. तेथे स्थानिक बियाला बाहेरून आलेले फळ मिळाले, तर दख्खनमध्ये स्थानिक पेयाला बाहेरून आलेली रीत मिळाली. दोन्हीकडे निष्पत्ती एकच.

कागदी लिंबाची स्वतःची वंशावळही अशीच मिश्र आहे. जनुकीय अभ्यासानुसार ते महाळुंग आणि आग्नेय आशियातील एक रानटी लिंबूवर्गीय जात यांच्या संकरातून उत्पन्न झाले. ज्या फळाला आपण सर्वांत अस्सल देशी समजतो, त्याच्याही पोटात संकर आहे.

अलीकडे चियाचे बी भारतीय बाजारात आले आणि कर्नाटकात म्हैसूरच्या परिसरात त्याची लागवडही सुरू झाली. त्यामुळे सब्जा म्हणजेच चिया असा गैरसमज पसरू लागला आहे. वस्तुतः सब्जाचे बी एकसारखे काळे असते व काही मिनिटांत फुगते. चियाचे बी करडे, ठिपकेदार असते आणि त्याला अधिक वेळ लागतो. हा भेद पुसला गेला, तर ‘तुकमराई’ या शब्दात साठलेली शतकांची साक्षही त्याबरोबर पुसली जाईल.

६

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. लिंबू व साखरेचे पेय देशी व जुने असून त्याचे नाव बदलले. सब्जाची वनस्पती जुनी, पण तिच्या बियाची नावे व ते पेयात घालण्याची रीत फार्सी-युनानी परंपरेशी निगडित आहे. या दोहोंचा मिलाफ दख्खनमध्ये रुळला आणि उन्हाळ्यातील लिंबाच्या दुर्भिक्षाने त्याला व्यावहारिक आधार दिला.

प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाला यात आणखी एक बोध आहे. सनदा, शिलालेख आणि महसुली कागद यांत जे सापडत नाही ते शब्दांच्या झिजेत, बहराच्या वेळापत्रकात आणि पाहुण्यापुढे केलेल्या पेल्यात सापडू शकते. या पेल्यातून पानक वेगळे काढून एका पक्षाला आणि शरबत वेगळे काढून दुसऱ्या पक्षाला देण्याचा प्रयत्न केल्यास हाती काय उरेल, याचा विचार करावा. एकाकडे आंबट पाणी उरेल आणि दुसऱ्याकडे बुळबुळीत बी. बोरीसारख्या गावातील गृहिणीने तो प्रयत्न कधी केला नाही. तिने दोन्ही एका पेल्यात घातले आणि उन्हातून आलेल्या माणसापुढे ठेवले.