शाळेला मास्तर हवा

शिक्षणाच्या इतिहासात शाळा कोणी काढली हे आम्ही लक्षात ठेवतो. तीत शिकवायला कोण आले आणि कोण टिकले, हे क्वचितच विचारतो. वास्तविक गोरगरिबांच्या शाळेचा खरा प्रश्न हाच आहे. जोतीराव फुल्यांना तो १८४८ सालीच भेटला. पुण्यात मुलींची शाळा काढायची, पण शिकवणार कोण? त्यांनी सावित्रीबाईंना शिकवले आणि घरातूनच शिक्षिका उभी केली.

पुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनला त्यांनी जे निवेदन दिले, त्यामागे हा अनुभव होता. प्राथमिक शाळांतले मास्तर बहुतेक ब्राह्मण, त्यांत ट्रेनिंग कॉलेजातून आलेले थोडेच आणि पगार क्वचितच १० रुपयांवर जाणारा, अशी स्थिती त्यांनी मांडली. परंतु नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून तयार करावेत. नांगराचे रुमणे हाती धरण्यात त्यांना कमीपणा वाटू नये. शिक्षण घेतलेल्या मास्तराला निदान १२ रुपये, मोठ्या गावी १५ किंवा २० रुपये द्यावेत. ज्याची अधिक मुले पास होतील त्याला पगाराखेरीज भत्ता द्यावा. गावचे टपाल, दस्तऐवजांची नोंदणी अशी कामे सोपवून गावात त्याचे वजन वाढवावे.

ह्या सूचनांत मास्तराकडे त्यागाची मागणी कोठेही नाही. ज्यांना शाळेपायी १८४९ साली वडिलांचे घर सोडावे लागले, त्यांनी दुसऱ्याच्या उपासमारीवर शाळा चालवण्याची भाषा केली नाही. आपुलकी, पोटापुरता पगार आणि मान, ह्या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या.

भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले, तेही ह्याच वाटेवर. खेड्यात राहणारा मास्तर हवा, तर तो खेड्यातल्या मुलांतूनच घडवला पाहिजे. उलट २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे पूर्ण पगाराऐवजी मानधनावर काढणे भाग पडले. जोतीरावांनी मागितलेला पगार तेथेच मागे पडला.

श्रोतेहो, गावच्या शाळेत आपण जाल तेव्हा इमारत अवश्य पाहा. पण मास्तर येथे किती वर्षे आहेत, राहतात कोठे आणि त्यांचा पगार वेळेवर होतो काय, हेही विचारा.