स्कॉट जॉप्लिन : सूर परत आले त्याची गोष्ट

मंडळी, अमेरिकेत १९७७ साली 'स्कॉट जॉप्लिन' या नावाचा एक चित्रपट निघाला. जेरेमी केगन हा त्याचा दिग्दर्शक, आणि नायकाचे काम बिली डी विल्यम्स या नटाने केले होते. चित्रपट मुळात टेलिव्हिजनसाठी तयार झाला होता, मागाहून तो थिएटरांतही दाखवला गेला. फार मोठा गाजावाजा त्याचा झाला नाही. आणि तरीसुद्धा, ज्यांनी तो पाहिला त्यांतले पुष्कळ लोक अजून त्याची आठवण जिव्हाळ्याने काढतात. असे का व्हावे? त्याचे उत्तर हवे असेल तर आधी या जॉप्लिनची हकिगत ऐकली पाहिजे.

जॉप्लिनचा जन्म १८६७-६८ च्या सुमारास टेक्सास राज्यात झाला. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षेच झाली होती. त्याचा बाप जाइल्स हा पूर्वीचा गुलाम, पुढे रेल्वेवर मजुरी करणारा. आई फ्लोरेन्स गोऱ्या लोकांच्या घरी साफसफाईचे काम करी. आई कामाला जाई त्या घरी पियानो असे, आणि हे पोर त्यावर बोटे फिरवत बसे. गावात यूलियस वाइस नावाचा एक जर्मन शिक्षक होता. त्याने मुलाचा हात ओळखला आणि एक पैसाही न घेता त्याला शिकवले. नुसते वाजवायला शिकवले नाही हो, सुरांची लिपी वाचायला शिकवले, मोठमोठ्या संगीतकारांची ओळख करून दिली. ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता रॅगटाइम म्हणजे काय? पियानो म्हणजे आपल्या बाजापेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, पण दोन्ही हातांनी वाजवायचे वाद्य. रॅगटाइममध्ये डावा हात ठेका धरून चालतो, अगदी पावले टाकल्यासारखा नेमका. उजवा हात मात्र नेहमीच मात्रेवर पडत नाही. कधी तो किंचित आधी येतो, कधी किंचित मागून येतो. या दोन हातांच्या ओढाताणीतून जी गंमत निर्माण होते तिचे नाव रॅगटाइम. हे संगीत काळ्या लोकांच्या वस्तीत, दारूच्या गुत्त्यांत आणि नाचघरांत वाढले. साहजिकच प्रतिष्ठित मंडळी त्याला नाक मुरडीत.

मिझूरी राज्यातल्या सिडेलिया गावी जॉप्लिन राहायला आला. तिथे 'मेपल लीफ' नावाचा एक क्लब होता. १८९९ साली 'मेपल लीफ रॅग' ही त्याची रचना जॉन स्टार्क या प्रकाशकाने छापली. त्या काळी बरेच प्रकाशक थोडी रक्कम हातावर ठेवून रचना कायमची विकत घेत. जॉप्लिनने करार केला तो दर प्रतीमागे एक सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, मिळावा असा. पहिल्या वर्षी प्रती खपल्या सुमारे चारशे. हिशेब तुम्हीच करा, चार डॉलर झाले! पण पुढे मागणी वाढत गेली, लाखो घरांतल्या पियानोवर ती रचना जाऊन पोचली. १९०२ साली त्याची 'दि एंटरटेनर' ही रचना निघाली.

जॉप्लिनला एवढ्याने समाधान नव्हते. नाचघरातले आपले संगीत मोठ्या रंगमंचावर सन्मानाने बसावे, ही त्याची तळमळ होती. आपल्या छापील रचनांवर तो सूचना घाली की, ही घाईने वाजवू नका. त्याने संगीत-नाटके लिहिली, त्याला तिकडे ऑपेरा म्हणतात. १९०३ सालची 'अ गेस्ट ऑफ ऑनर' ही पहिली. तिचे स्वर-लेखन हरवले, ते आजतागायत सापडलेले नाही. दुसरी 'ट्रीमोनिशा'. ती त्याने १९११ साली पदरचे पैसे घालून छापली.

शिक्षक-बंधूंनो, या 'ट्रीमोनिशा'चे कथानक ऐकण्यासारखे आहे. शेतमजुरांच्या वस्तीत झाडाखाली सापडलेली एक मुलगी. तिला वाढवणारे आईबाप अडाणी, पण पोरीला शिकवायचेच म्हणून एका बाईकडे ते कामाच्या बदल्यात शिकवणी लावतात. पोरगी शहाणी होते. गावात गंडेदोरे विकून लोकांना भिवविणारे भोंदू असतात, ते तिला पळवून नेतात. तिची सुटका होते, भोंदू पकडले जातात, तेव्हा तीच त्यांना क्षमा करायला सांगते, आणि अखेर वस्ती तिला आपली पुढारी निवडते. वाइस मास्तरांकडे फुकट शिकलेल्या मुलाने हे लिहिले, हे विसरून चालणार नाही.

पण या नाटकाला कोणी उभे करीना. १९१५ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जॉप्लिनने एक साधा प्रयोग केला. पडदे नाहीत, वाद्यवृंद नाही, पियानोवर तो एकटा. लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. त्याचे शरीर गुप्तरोगाने पोखरले होते, हळूहळू बोटे आणि बुद्धी दोन्ही सोडून चालली. १ एप्रिल १९१७ रोजी एका मनोरुग्णालयात तो वारला. क्वीन्समधल्या सेंट मायकेल स्मशानभूमीत त्याला पुरले, तिथे नावाचा दगडसुद्धा नव्हता.

पुढची पन्नास वर्षे थोडे जाणकार सोडले तर सामान्य माणूस त्याला विसरून गेला. मग १९७० साली जोशुआ रिफ्किन या वादकाने त्याच्या रचनांची तबकडी काढली. १९७२ साली अटलांटा येथे 'ट्रीमोनिशा' रंगमंचावर आली. तिचे वाद्यवृंदासाठीचे मूळ लेखन नष्ट झाले होते, पण छापलेले पियानो-लेखन होते, त्यावरून नव्याने वाद्यमेळ बांधावा लागला. १९७३ साली 'दि स्टिंग' या चित्रपटात 'दि एंटरटेनर' वाजले आणि ते घरोघरी पोचले. १९७४ साली त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला. १९७६ साली त्याला मरणोत्तर खास पुलित्झर गौरव मिळाला. आणि १९७७ साली आला हा चित्रपट.

म्हणजे बघा, सूर सगळीकडे ऐकू येत होते, पण माणूस कुठे होता? जॉप्लिनच्या वादनाचे ध्वनिमुद्रण नाही. यांत्रिक पियानोवर लावायच्या भोके पाडलेल्या कागदी गुंडाळ्या काही आहेत, पण त्या १९१६ सालच्या, म्हणजे तो आजाराने खचला होता तेव्हाच्या. छायाचित्रे मोजकीच. लोकांना चाल पाठ होती आणि चेहरा ठाऊक नव्हता. तो चेहरा या चित्रपटाने दिला. प्रेक्षकांना चित्रपट आपला वाटला तो यासाठी.

प्रेक्षक वाखाणतात त्यांत विल्यम्सचा संयम येतो, स्टार्कच्या भूमिकेतला आर्ट कार्नी येतो, आणि पडद्यामागून पियानो वाजवणारा डिक हायमन येतो. पियानोवादकांच्या चुरशीचा प्रसंगही त्यांना आवडतो. चित्रपटात यूबी ब्लेक हा वृद्ध वादकही दिसतो. नव्वदीच्या घरात आलेला हा माणूस सांगे की, तरुणपणी आपण खुद्द जॉप्लिनला पाहिले आहे. जुन्या काळाचा असा जिवंत साक्षीदार पडद्यावर दिसला म्हणजे प्रेक्षकाचा विश्वास बसतो. आता, पन्नास वर्षांचे आयुष्य दीड तासात मावत नाही, म्हणून कथा आवळली गेली आहे, काही ठिकाणी इतिहासाला मुरड घातली आहे. चित्रपट पाहावा, पण तारीखवार इतिहास त्यावरून पाठ करू नये.

चित्रपटात क्लिफ्टन डेव्हिस या नटाने लुई शोविनचे काम केले आहे. हा शोविन सेंट लुईचा. त्याच्या काळात त्याच्यासारखा वाजवणारा नव्हता असे म्हणत. पण त्याला स्वरलिपी येत नव्हती. १९०८ साली, सत्तावीस वर्षांचा असताना तो गेला. त्याच्या नावावर छापलेल्या रचना तीन. त्यांतली 'हेलिओट्रोप बुके' ही, त्याच्या चाली ऐकून जॉप्लिनने पूर्ण केली आणि १९०७ साली छापली, म्हणून राहिली. बाकीचे सारे त्याच्या बोटांबरोबर संपले.

दोन मित्र, दोघेही गुणी, दोघांचाही शेवट करुण. फरक एवढाच की, एकाला कोणीतरी लिहायला शिकवले होते. जॉप्लिनला त्याच्या हयातीत मान मिळाला नाही, तो कागदाच्या आधाराने पन्नास-साठ वर्षे थांबून राहिला. तेव्हा, मंडळी, तुमच्या गावात जे कोणी गाणारे, वाजवणारे, ओव्या म्हणणारे म्हातारे माणूस असेल, त्याच्याजवळ वही घेऊन बसा. आणि शाळेत एखादे गरिबाचे पोर वेगळे दिसले तर त्याला दोन घटका जास्त द्या. वाइस मास्तरांनी याहून निराळे काही केले नव्हते.