पणजीचे आयुष्य आणि इतिहासाचे सन

सामान्य माणसाचे चरित्र लिहू पाहणाऱ्यास एक मोह आवरावा लागतो. जन्म आणि मृत्यू यांच्या दोन सनांमध्ये त्या काळातील मोठ्या घटना ओळीने मांडल्या, की तो माणूस त्या घटनांतूनच जगला असा भास होतो. परंतु समकालीन असणे निराळे आणि संबंध असणे निराळे. माझ्या पणजीच्या आयुष्याचा माग घेताना हा भेद मला उमगला.

तिचा जन्म ‘मोठ्या दुष्काळात’ झाला, एवढेच घरात सांगत. तो दुष्काळ 1876 ते 1878 चा. म्हणून जन्मसाल अदमासे 1877 धरावयाचे. पत्रिका आणि जुन्या वह्या पाहून खात्री करण्याची सोय नाही; 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील आमच्या घरचे सारे दप्तर वाहून गेले. पणजी त्याच वर्षाच्या आरंभी वारली होती.

1897 च्या प्लेगात पणजोबा गेले. पाठ्यपुस्तकांत ते साल रँडच्या वधाचे आहे. आमच्या घरी ते पणजीच्या वैधव्याचे. त्या वेळी विधवाविवाहाचा कायदा होऊन एकेचाळीस वर्षे लोटली होती. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणुकी’तून यमूची कहाणी सांगून झाली होती. 1896 मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यातच अनाथ बालिकाश्रम काढला होता आणि 1900 मध्ये तो शहराबाहेर हिंगण्यास गेला. कायदा, कादंबरी आणि संस्था, तिन्ही तिच्या इतक्या जवळ होती. पण तिला अक्षरओळख नव्हती, पदरी वर्षाचा मुलगा होता आणि घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा होता. विसाव्या वर्षी नेसलेले आलवण तिने मरेपर्यंत सोडले नाही. 1958 साली कर्व्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हाही ती त्याच वेषात माजघरात बसलेली होती.

मग इतिहास तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही काय? पोहोचला; पण उशिरा आणि अनपेक्षित वाटेने. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तिचे नाव मतदारयादीत आले. अमक्याची आई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या बाईचे स्वतःचे नाव छापले गेले ते तेव्हाच. मत देऊन परतल्यावर, “माझं नाव कुठं आहे, बोट ठेवून दाखव रे,” असे ती नातवाला म्हणाली. तो नातू म्हणजे माझे वडील. ही गोष्ट ते नेहमी सांगत.

आपल्या सर्वच भारतीय भाषांत सुधारणेचा इतिहास कायद्यांच्या आणि ग्रंथांच्या सनांनी लिहिला जातो. ते सन खरे आहेत. पण प्रत्येक सनापुढे आणखी एक प्रश्न लिहावयास हवा: हे घरात केव्हा आले? आमच्या घरापुरते उत्तर असे, की 1856 चा कायदा 1961 पर्यंत आला नव्हता. पणजीसारख्या आयुष्यांचा शोध घ्यावयाचा तो अशा उत्तरांसाठी.