कोऱ्या कागदाची साक्ष

१/ ११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगर हादरले. भूकंप सुमारे ६.३ रिश्टरचा होता आणि त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. मागे एक प्रश्न उरला: हा भूकंप निसर्गाचा, की धरणाचा?

२/ १९६२ पासून शिवाजीसागर भरू लागला आणि परिसरात धक्के जाणवू लागले. १९६३ मध्ये तेथे भूकंपमापक बसले. परंतु ‘धक्के धरणानंतर सुरू झाले’ असे म्हणायचे, तर ‘धरणापूर्वी ते नव्हते’ हेही दाखवावे लागते. त्या काळी कोयनेत यंत्रच नव्हते. मग साक्ष कोणाची?

३/ साक्ष पुण्याची. लोणी काळभोरहून शहरात येताना आपण शिवाजीनगरचे ‘सिमला ऑफिस’ पाहतो. त्या हवामान खात्याचे भूकंपमापक कोयनेपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर होते. अगदी बारीक कंप तेथवर पोहोचत नसत. मध्यम धक्के मात्र निसटले नसते. धरणापूर्वीच्या नोंदींत कोयनेचे तसे धक्के आढळले नाहीत.

४/ म्हणजे निर्णायक ठरला तो ‘काहीही न घडल्याचा’ कागद. फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेला, दिवसाला एक बदलला जाणारा, जवळजवळ सरळ रेषांनी भरलेला. मोठ्या भूकंपाचा आलेख कोणीही जपतो. शांत दिवसाचा कागद मात्र रद्दीत जाण्याची भीती सर्वाधिक.

५/ आज राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने जुन्या आलेखांच्या डिजिटायझेशनचे काम हाती घेतले आहे. केवळ छायाप्रत घेऊन ते संपत नाही. रेषेचे आकड्यांत रूपांतर करावे लागते. त्यासाठी मिनिटांच्या खुणा, यंत्राची वर्धनक्षमता आणि घड्याळ किती पुढे-मागे होते याची टीप हवी. समासातली ती टीप हरवली, तर आलेख उरतो, पण त्याची वेळ हरवते.

६/ जपलेली नोंद किती दूर जाते? कोयना धरणाच्या गॅलरीतील यंत्राने त्या पहाटे ०.६३ जी इतके कमाल त्वरण टिपले. तो आलेख आकड्यांत उतरला आणि आजही जगभरचे अभियंते काँक्रीट धरणांच्या गणिती प्रतिकृती त्यावर पारखून पाहतात.

७/ इतिहासाचा विद्यार्थी घडलेल्या घटनांचे पुरावे शोधतो. कोयना सांगते की न घडलेल्याचाही पुरावा असतो. तो शांत दिवसांच्या कागदांवर असतो. म्हणून अभिलेखागारात निवड करताना कोरे वाटणारे पान आधी बाजूला काढू नये. (समाप्त)