ट्रकमध्ये ‘युरिया’ भरताना सेन्सर का रुसतात? लातूर-नांदेडच्या उन्हात काय सांभाळायचं?

लातूरहून सोयाबीन भरून अहमदपूर, लोहा करत नांदेडकडे निघालेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. मध्येच डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी चढाला ओढेनाशी होते. टाकीत डिझेल आहे, इंजिनचा आवाजही ठीक आहे. अशा वेळी आधी निळ्या झाकणाच्या छोट्या टाकीकडे बघावं.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि ही दुसरी टाकी जवळपास प्रत्येक मोठ्या ट्रकवर दिसू लागली. तिच्यात असतं डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डीईएफ. ड्रायव्हर मंडळी त्याला सरळ ‘युरिया’च म्हणतात. ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. हे इंजिनात जात नाही, सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरात फवारलं जातं. त्यातून अमोनिया तयार होतो आणि धुरातल्या घातक नायट्रोजन ऑक्साइडचं साधा नायट्रोजन आणि वाफ यांत रूपांतर होतं. टाकीतला सेन्सर पातळी आणि तापमान बघतो, बऱ्याच गाड्यांत द्रावणाचं प्रमाणही तपासतो. धुराच्या वाटेवर नॉक्स सेन्सर बसलेला असतो. दोघांपैकी एकाला जरी शंका आली की आधी दिवा लागतो, मग गाडीची ताकद कमी केली जाते.

आता खरा मोह. ‘युरियाच ना, मग शेतातली गोणी पाण्यात ढवळली तर?’ अजिबात नको. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा थर असतो, शिवाय बाययुरेटसारखी अशुद्धी असते. त्यात आपल्या बोअरचं जड पाणी! पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच फवारणीच्या नोझलवर आणि उत्प्रेरकावर बसतो. तो खर्च बादलीमागे वाचवलेल्या पैशांत कधीच भरून निघत नाही. आणि पेरणीच्या दिवसांत ज्या गोणीसाठी शेतकरी रांगेत उभा असतो, तो अनुदानाचा युरिया असा वळवणं हा खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार गुन्हाही आहे.

चांगला माल घेऊनही घोटाळा होतो, तो उन्हामुळे. डीईएफ उणे ११ अंशांला गोठतं, पण ती काळजी लडाखच्या ड्रायव्हरला. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. २५ अंशांखाली साधारण दीड वर्ष टिकणारं द्रावण ३५ अंशांत सहाएक महिनेच टिकतं. म्हणून उघडी बादली केबिनच्या टपावर महिनोन्‌महिने ठेवू नका. घेताना आयएसओ २२२४१ हे मानक, सील आणि तारीख बघा.

भरताना इग्निशन बंद हवं. पण गाडी बंद केल्यावर पंप नळीतलं उरलेलं द्रावण काही क्षण परत टाकीत ओढतो, त्यामुळे बॅटरीचा मेन स्विच लगेच पाडू नका. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा. नरसाळं फक्त याच कामाचं ठेवा. डिझेल-ऑइलचं चालणार नाही, त्याचा थेंबही त्रास देतो. गळ्यापर्यंत भरू नका, टाकी पूर्ण कोरडीही होऊ देऊ नका. सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर वाळून पांढरे खडे होतात आणि वायरिंगचे कनेक्टर गंजतात.

चुकून या टाकीत डिझेल गेलं, किंवा डिझेलच्या टाकीत डीईएफ, तर चावीच फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. चावी फिरली की पंप चालू होतो आणि एका टाकीची चूक सगळ्या नळ्यांत पोचते.

नीट भरूनही दिवा लगेच विझला नाही, तर घाबरू नका. काही गाड्यांना पातळी ओळखायला थोडा वेळ लागतो, आणि दर्जाची तक्रार असेल तर थोडं अंतर चालवावंही लागतं. तरीही दिवा राहिला तर मिस्त्रीला आधी कनेक्टर आणि नोझलवरचे पांढरे खडे बघायला सांगा. नॉक्स सेन्सर महाग असतो, तो बदलायचा विषय त्यानंतर.