नागपूरचा पाद्री, वरोऱ्याचे दगड आणि लिंगोचं गाणं

चंद्रपूर-गडचिरोलीत वाढलेल्या माणसाला लिंगोचं नाव सांगावं लागत नाही. पहांदी पारी कुपार लिंगो. पण ही गाथा ज्यांनी सुरुवातीला कागदावर उतरवून घेतली, त्यांत एक स्कॉटिश पाद्री होता. स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं आहे, तोच.

त्याच्याआधी एक तुकडी येऊन गेली होती. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या योहान्स गॉसनरने काही जर्मन माणसं गोंडांच्या मुलखात पाठवली. विचार असा, की हातांनी काम करायचं, शेती करायची आणि लोकांतच राहायचं. अमरकंटकजवळ करंजियाला त्यांनी बस्तान मांडलं. पहिल्याच पावसाळ्यात रोगराईने बहुतेकांना गाठलं आणि काही दिवसांत ती तुकडी संपली. वाचलेले नागपूरकडे आले.

तिकडे स्कॉटलंडमध्ये १८४३ मध्ये चर्च फुटलं. शेकडो पाद्री जुन्या चर्चमधून बाहेर पडले आणि फ्री चर्च उभं राहिलं. या नव्या चर्चने हिस्लॉपला पाठवलं. वय २७, सोबत बायको इराझ्मा. डिसेंबर १८४४ मध्ये मुंबई, फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूर. तेव्हा तिथे भोसल्यांची गादी होती आणि शेजारी कामठीला इंग्रजांची छावणी. करंजियाहून वाचून आलेल्यांची मदत त्याला झाली. पुढे रॉबर्ट हंटर हा जोडीदारही आला.

या टीमने जंगलात घर बांधलं नाही. शहरात राहायचं, मराठी शिकायची, शाळा काढायची. त्यामुळे माणसं टिकली, पण ज्या गोंडांसाठी पहिले लोक मेले, त्यांच्यापासून ही टीम लांब राहिली. गोंडांची भेट व्हायची ती दौऱ्यांवर. माझं मत विचाराल तर त्याचं खरं मोठं काम याच दौऱ्यांत झालं.

कारण या गड्याला दगडांचं वेड होतं! चांद्याच्या बाजूला, वरोऱ्याजवळच्या मांगलीच्या दगडात एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी सापडली. ती लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेनने तिला ब्रॅकिऑप्स नाव दिलं. हो, ‘डायनासोर’ हा शब्द बनवणारा ओवेन. १८५५ मध्ये हिस्लॉप आणि हंटरचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा लेख छापून आला. त्याच वर्षी हंटर आजारपणामुळे परत गेला. हिस्लॉप राहिला.

दगडांसोबत तो शब्दही गोळा करत होता. गोंडी शब्द, चालीरीती, देवांची नावं. आणि एका परधानाकडून लिंगोची ती लांबलचक गाथा. परधान म्हणजे गोंडांची गाणी आणि वंशकथा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो बाहेर काढतो आणि त्यांची कुळं लावून देतो, ती हीच गोष्ट.

४ सप्टेंबर १८६३. हिस्लॉप मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्यासोबत टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं बघायला गेला होता. तिथली एक शाळा तपासायची म्हणून मागे थांबला आणि अंधार पडल्यावर एकटाच निघाला. बोरीजवळ नाल्याला पूर आला होता. घोडा पोचला, स्वार नाही. वय ४५.

घरात कागदांचे गठ्ठे अर्धवट पडले होते. टेम्पलने ते लावून १८६६ मध्ये छापले, गाथेची गोंडी ओळ आणि खाली इंग्रजी अर्थ. मुखपृष्ठावर नावं दोन साहेबांची, गाणाऱ्या परधानाचं नाही. हे मला आजही खटकतं. पाच वर्षांनी फोर्सिथ नावाच्या कॅप्टनने ही गाथा इंग्रजी पद्यात बसवली, तीही अमेरिकेतल्या ‘हायावाथा’ काव्याच्या चालीवर!

गाथेतली ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं कचारगड, असं आज मानतात. माघ पौर्णिमेला तिथे गोंडांची मोठी यात्रा भरते. हिस्लॉपचं पुस्तक वाचलेलं नसलं, तरी लिंगो तिथे सगळ्यांना माहीत असतो.

पुढच्या भागात वरोऱ्याजवळच्याच पिसदुऱ्याला जाऊ. तिथे डायनासोरची हाडं आहेत.