आगबोटीतला कुत्रा

मंडळी, आमच्या येरमाळ्याच्या माळावर मेंढरांमागे धावणारा सडपातळ कारवानी कुत्रा तुम्ही पाहिला असेल. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी अशा कुत्र्यांची जोडी बादशहा पाचव्या जॉर्जला भेट दिली होती.

साध्या माणसाला मात्र मुंबईहून विलायतेला कुत्रा नेणे अवघड. आगबोटीचे सुमारे तीन आठवडे, आणि उतरल्यावर सहा महिने क्वारंटाइन! खर्च मालकाचा.

कायदा निर्दय वाटतो, पण त्याला कारण होते. ब्रिटनने १९०२ मध्ये रेबीज हटवला होता. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे तो १९१८ मध्ये पुन्हा शिरला. तो जायला १९२२ उजाडले. पुढे १९४७ च्या सुमारास मायदेशी निघालेल्या गोऱ्या कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहिला: जिवलग कुत्रा न्यायचा, कुणाला द्यायचा, की त्याला कायमचे झोपवायचे?

२०१२ पासून तो तुरुंग टळला. चिप, लस, रक्ततपासणी आणि तीन महिने घरीच थांबणे, एवढ्यावर मुख्यतः भागते. परदेशी राहणारी आपली पोरे हे सारे हौसेने करतात.

पण ती लस आपल्या गल्लीतल्या मोत्यालाही हवी ना? त्याला तर कुठेच जायचे नाही. तो आपल्या नातवंडांतच खेळतो.